तोडणीच्या वेळी जा: बेळगाव भागातली फुलांची शेतं कशी बघायची

माझा धंदा हार-गजऱ्यांचा. बेळगावच्या शहापुरात घराच्या ओट्यावर सासूबाईंनी सुरू केला, आता मी आणि धाकटी जाऊ मिळून चालवतो. रोजची फुलं बाजारातूनच येतात. पण लग्नाचं, वास्तुशांतीचं मोठं काम हातात असलं की मी सरळ मळ्यात जाऊन फुलं ठरवते. काम नसलं तरी दसऱ्याच्या आधी आणि थंडीत चक्कर होतेच, कारण जायला आवडतं. गिऱ्हाईकं म्हणतात, "मावशी, आम्हाला पण दाखवा की एकदा फुलांची शेतं." सगळ्यांना हाताला धरून कुठं नेणार? म्हणून मला जे ठाऊक आहे ते इथं सांगते.

आधी एकच गोष्ट, बाकी सगळं तिच्याभोवती आहे. फुलांचं शेत बघायचं तर तोडणी चालू असताना बघा. पिवळं-केशरी काय, लांबून कधीही दिसतंय. पण कोण तोडतंय, कसं तोडतंय, माल कुठं चाललाय हे बघितल्याशिवाय त्या शेतातलं काही कळत नाही, आणि खरं सांगू का, मजाही येत नाही. दुपारी बाराला झेंडूच्या शेतात जाऊन उभे राहा. ऊन डोक्यावर, बांधावर चिटपाखरू नाही, चार फोटो काढले की पोरं "चला घरी" म्हणतात. त्याच शेतात सकाळी साडेसातला जा, दोन तास कुठं गेले कळत नाही.

कुठल्या फुलाला किती वाजता

मोगऱ्याची आणि जाईची कळी तोडतात. संध्याकाळी उमलणारी कळी सकाळी ऊन चढायच्या आत हातात यायला पाहिजे, नाहीतर ती टोपलीतच फुटायला लागते आणि फुटक्या कळीचा गजरा कोण घेतंय? त्यामुळं मोगऱ्याच्या मळ्यात पहाटे अंधार असतानाच बायका वाकलेल्या असतात. काकडाही तसाच, सकाळी लवकर. निशिगंध सुटा विकायचा असला तर तोही पहाटेच. पण निशिगंधाच्या शेतात दोनदा जायला हवं, पहाटे तोडणीला आणि दिवेलागणीला वासाला. दिवसा तिथून गेलात तर शेजारी निशिगंध आहे हे नाकाला कळणारही नाही.

झेंडू, शेवंती, ॲस्टर, गलांडा यांना एवढी घाई नसते. दव वाळलं की तोडायला सुरुवात, दहा-अकरापर्यंत आवरतात. इथं पूर्ण उमललेलं फूल घेतात. गाडी पहाटे निघणार असेल तर काही जण आदल्या दिवशी संध्याकाळीच तोडून ठेवतात. झेंडूचा तोडा रोज नसतो, तीन-चार दिवसांनी असतो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करून "उद्या तोडा आहे का?" एवढं विचाराच. हे न विचारता गेलं की हिरव्या कळ्या बघून परत यायची पाळी येते.

महिने म्हणाल तर भर पावसात, आषाढ-श्रावणात, फारसं बघण्यासारखं नसतं. चिखल, करपलेली पानं आणि भिजून काळी पडलेली फुलं. झेंडू खरा बघायचा भाद्रपदाच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत. शेवंती दिवस लहान व्हायला लागले की कळ्या धरते, म्हणून तिचा भर दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. मोगऱ्याची छाटणी थंडीत होते आणि फूल मार्चपासून जूनपर्यंत येतं. उन्हाळ्यात बघण्यासारखं काही असेल तर हाच. सूर्यफूल आणि करडई थंडीतली.

माझ्या मते सगळ्यांत चांगले दिवस पितृपंधरवड्याचे. लग्नं नाहीत, सण नाहीत, फुलाला भाव नाही, पण शेत मात्र नवरात्रासाठी भरत आलेलं असतं. शेतकरी मोकळा असतो, बोलतो, चहा पाजतो. तोच माणूस दसऱ्याच्या आदल्या चार दिवसांत तुमच्याकडं मान वर करूनही बघणार नाही. त्या दिवसांत जाऊच नका. त्याचं वर्षाचं गणित त्या चार दिवसांवर असतं.

कुठल्या बाजूला काय

आपल्या भागाचं एक आहे, तासाभराच्या रस्त्यावर माती आणि पाऊस दोन्ही बदलतात. कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगवते, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अथणी-रायबागकडं त्याच्या पाव हिस्साही नाही. पश्चिमेला तांबडी माती, पूर्वेला काळी. कुठलं फूल कुठं दिसेल हे यावरून निम्मं कळतं. उरलेलं निम्मं रस्त्यावर, म्हणजे माल गोव्याला जातो, कोल्हापूरला जातो की बेळगावातच खपतो, त्यावर.

शहराच्या भोवती कडोली, उचगाव, सांबरा या बाजूंना भाजीचे मळे. फुलांचं असं वेगळं शेत शोधत बसू नका, भाजीच्या मळ्यातच बघा. टोमॅटोच्या सऱ्यांमध्ये मधेच एखादी सरी झेंडूची दिसते. ती शोभेला नसते. टोमॅटोचं फळ पोखरणारी अळी ज्या पाखरापासून होते ते पाखरू अंडी घालायला झेंडूच्या फुलाकडं वळतं. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला भारतीय बागायती संशोधन संस्था आहे, तिची शिफारस सोळा सऱ्या टोमॅटोला एक सरी झेंडू अशी. आणि झेंडूचं रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा वीसेक दिवसांनी मोठं पाहिजे, म्हणजे टोमॅटो फुलावर येतो तेव्हा झेंडूही फुललेला असतो. झेंडूच्या मुळांनी जमिनीतले सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक किडे, तेही कमी होतात. असं शेत दिसलं तर पोरांना जरूर दाखवा. आणि त्या सरीतली फुलं मागू नका, त्यात अळ्या असतात!

खानापूर, जांबोटीकडं मोठी फुलशेती कमी. पाऊस इतका की झेंडू कुजतो. तिकडं परसात, अंगणाच्या कडेला अबोली, काकडा. अबोलीला वास नाही, पण वजनाला हलकी आणि गजऱ्यात टिकते, म्हणून भाव चांगला. गोव्याच्या बायकांना अबोलीची फाती, म्हणजे गजरा, लागते, आणि चोर्ल्याचा नाहीतर अनमोडचा घाट उतरला की गोवा. चतुर्थीच्या आधी या रस्त्यांवरून भाजीबरोबर फुलांचे क्रेट उतरत असतात. तिकडं गेलात तर शेतापेक्षा रस्त्याच्या कडेचा तेरडा बघा. गौरीच्या दिवसांत घाटाच्या कडा गुलाबी होतात आणि आपल्याकडं गौर तेरड्याचीच असते. तो कुणी लावत नाही, आपोआप येतो.

हुक्केरी, संकेश्वर, गोकाक हा घटप्रभेच्या कालव्याचा भाग. हिडकल धरणाचं पाणी आहे, त्यामुळं उसाच्या मधे मधे फुलांचे तुकडे सापडतात. घटप्रभा स्टेशनापासून जवळच अरभावीला बागकामाचं शिक्षण देणारं कित्तूर राणी चन्नम्मा यांच्या नावाचं महाविद्यालय आहे, ते बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाखाली येतं. आधी विचारून जा. एकाच ठिकाणी शेजारी शेजारी वेगवेगळ्या जाती लावलेल्या बघायला मिळाल्या तर फरक डोळ्यांनी कळतो. निशिगंधाचंच घ्या. एकेरी पाकळीचा वासाला चांगला, हाराला आणि अत्तराला जातो. दुहेरी पाकळीचा गुच्छात उभा राहतो पण वास बेताचा. हेसरघट्ट्याची 'अर्का प्रज्वल' ही एकेरी जात शेतकऱ्यांना आवडते, कारण सुटी पण विकता येते आणि छडी म्हणून पण.

सौंदत्ती, बैलहोंगल, रामदुर्ग म्हणजे काळी माती. इथं हाराची फुलं शोधत फिरण्यापेक्षा जानेवारीत नुसतं एसटीच्या खिडकीशी बसा. शाळूच्या कडेनं करडई, आधी पिवळी आणि मग केशरी-तांबडी होत जाणारी. काटे इतके की शेतात शिरता येत नाही, म्हणून तर गुरांपासून राखण म्हणून कडेला लावतात. मधूनच जवसाचा निळा पट्टा. जवसाचं फूल सकाळचं. दुपारी पाकळ्या गळून जातात आणि तुम्ही म्हणता इथं काहीच नव्हतं. सूर्यफुलाचं शेत दिसलं तर फोटोसाठी शेताच्या पूर्वेच्या बांधावर उभे राहा. कोवळं झाड उन्हाबरोबर मान फिरवतं, पण फूल पूर्ण उमललं की ते पूर्वेलाच तोंड करून थांबतं. पश्चिमेच्या बांधावरून सगळ्यांच्या पाठी दिसतात. यल्लम्माला जाणारे लोक याच रस्त्यानं जातात, पण डोंगरावर पोचायच्या घाईत कुणी खाली उतरून बघत नाही.

निपाणी-चिकोडी बाजू तंबाखूची. तिथं एक गंमत आहे. फुलं बघायला निघालेल्या माणसाला तिथले लोक फूल खुडून फेकताना दिसतात. तंबाखूला फुलोरा आला की शेंडा मोडतात, म्हणजे जोर पानात जातो आणि पान जाड होतं. बियाणाला ठेवलेल्या झाडांनाच काय ते फूल. हाराच्या फुलांना तिकडं कोल्हापूर जवळ पडतं. अंबाबाईच्या नवरात्रात जवळचा माल कोगनोळीच्या नाक्यावरून पलीकडं जातो. जोतिबाला जायचं असेल तर दवणा विसरू नका. ते फूल नाही, वासाचं पान, पण मी हाराच्या धंद्यातली म्हणून मला तो फुलांतच धरावासा वाटतो.

जायचं कसं

बायका बायकाच निघणार असाल तर स्वतःची गाडी नको. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून सरकारी लाल बसमध्ये बायकांना राज्याच्या आत तिकीट नाही. कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार दाखवायचं, शून्य रुपयाचं तिकीट घ्यायचं. तिकीट मागून घ्या, ते हातात असावं लागतं. कोल्हापूरकडं निघालात तर मात्र पैसे मोजायचे. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही त्यांच्या हद्दीपुरतं. पहिल्या गाडीनं निघालात की तोडणीला पोचता. उतरायच्या गावातला चहाचा गाडा हेच तुमचं चौकशीचं ठिकाण. "फुलांचं कुणाचं आहे?" म्हटलं की दोन नावं लगेच मिळतात आणि तिसरा माणूस स्वतः येऊन सांगतो की त्यांचं बघू नका, माझं बघा.

भाषेची काळजी नको. पश्चिमेकडं मराठी चालते, पूर्वेकडं गेलात तर "हूव नोडाक बंदीवि री, वळग बरबौदा?" एवढं पाठ करा. फुलं बघायला आलोय, आत येऊ का, असा त्याचा अर्थ. वयानं मोठ्या बाईला अक्का, माणसाला काका नाहीतर आप्पा. तुमचं कानडी ऐकून हसतील, पण हसत आत घेतील.

मळ्यात शिरताना

बांधावरून चाला, सरीतून नाही. सरीत पाणी सोडलेलं असतं आणि तुमच्या पायानं वरंबा बसतो. ओढणी, पदर खोचून घ्या. झेंडूच्या फांद्या ठिसूळ असतात, पदर अडकून ओढला की अख्खी फांदी मोडून येते, तिच्यावर पुढच्या दोन तोड्यांच्या कळ्या असतात. पावडर-अत्तर नको. मधमाश्या असतात आणि असायलाच पाहिजेत. फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय फूल नाकाला लावू नका. पोरं पाकळी तोंडात घालतात, तिकडं लक्ष ठेवा.

जरबेरा आणि डच गुलाब पॉलीहाऊसमध्ये असतात, तिथं आणखी कडक. दाराशी औषधाच्या पाण्याचं छोटं टाकं असतं, त्यात पाय बुडवून आत जायचं. एका मळ्यातली माती चपलेला लागून दुसऱ्या मळ्यात रोग नेते. एका दिवसात दोन पॉलीहाऊस बघायची असतील तर मधे चपला धुवा. आत वाफे उंच असतात, तांबडी माती, शेणखत आणि भाताचं तूस मिसळलेले. तूस असल्यानं माती भुसभुशीत राहते. जरबेऱ्याचा दांडा कात्रीनं कापत नाहीत. मुळाशी धरून थोडा पिळतात आणि ओढतात, तो सांध्यापासून सुटतो. कापला तर बुडखा कुजतो. मालकिणीनं "तुम्ही पण एक काढून बघा" म्हटलं तरच हात लावा.

फोटो विचारून काढा. तोडणाऱ्या बायकांचे तर विचारल्याशिवाय अजिबात नको. त्या मजुरीला आलेल्या असतात, त्यांना वेळेत वजन भरायचं असतं आणि तुमच्यासाठी उभं राहायला त्यांना कुणी पैसे देत नाही.

काय बघायचं

शेतात गेल्यावर आधी तोडणाऱ्या बाईचा अंगठा बघा. झेंडूचं फूल ती दोन बोटांत धरते, अंगठ्याचं नख देठाला लावते आणि मनगट नुसतं खाली वळवते. कट् असा बारीक आवाज. दुसऱ्या हातानं तोवर पुढचं फूल पकडलेलं असतं. फुलं मुठीत साठतात, मूठ भरली की कमरेच्या ओच्यात. दोन तासांनी तो अंगठा हिरवट काळा होतो, आणि ते डाग साबणानं जात नाहीत, चिंचेनं घासावं लागतं. कुणी नखावर चिंधी गुंडाळते. नवी बाई लगेच ओळखू येते: ती फूल ओढते, त्यानं देठ लांब येतो आणि शेजारची कळी पण.

मग पोत्याकडं जा. मालकाला विचारून भरलेल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत गार लागलं तर माल चांगला. कोमट लागलं तर तोडून बराच वेळ झालाय, किंवा ओलं फूल भरलंय. तोडल्यावरही फूल श्वास घेत असतं, त्याची उष्णता आत कोंडते, आणि कोमट पोतं बाजारात पोचेपर्यंत पाकळ्या तपकिरी पडतात. मी माल ठरवते तेव्हा ढिगाच्या वरचं फूल बघतच नाही. हात घालायचा आणि तळातलं एक काढायचं. ते उलटं करून बुडाचा हिरवा भाग दाबायचा: कडक असलं तर ताजं, मऊ असलं तर जुनं. दोन पाकळ्या ओढायच्या. सहज निसटल्या तर ते फूल हारात संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

पानं उलटी करून बघा. खाली बारीक जाळी आणि तांबडे ठिपके दिसले तर ती लाल कोळी नावाची कीड. शेतकऱ्याला ते आधीच ठाऊक असतं, पण तुम्ही पान उलटं करून बघितलं की त्याची बोलायची तऱ्हाच बदलते. मग तो फवारणीचा खर्च, मजुरीचे दर, अडत, बाजारातून आलेली पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब, सगळं सांगतो. "यंदा भाव काय मिळाला?" हा प्रश्न पहिला विचारू नका. शेवटी विचारा, आणि विचारला तर उत्तर पूर्ण ऐका.

तुम्ही काही विकत घेणार असाल तर गेल्या गेल्या नाही, परत निघताना घ्या, आणि बाजाराच्या किरकोळ भावानं घ्या. शेतात आलो म्हणून स्वस्त द्या, हे मला पटत नाही. त्यानं तुमच्यासाठी तास घालवलाय.

लांबचं थोडं

एवढं बघून झालं आणि आणखी हवं असलं तर दक्षिणेला गुंडलुपेट. म्हैसूरहून उटीला जाताना चामराजनगर जिल्ह्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमाराला दोन्ही बाजूंनी सूर्यफूल आणि झेंडू. केरळचे लोक गाड्या थांबवतात, आणि शेतात उतरून फोटो काढायचे पैसे शेतकरी घेतात. बरोबरच आहे. तिकडचा बराचसा झेंडू हाराला जातच नाही. तो कारखान्यात वाळवून त्याचा रंग काढतात, आणि तो रंग कोंबड्यांच्या खाद्यात जातो, अंड्याचा बलक पिवळा दिसावा म्हणून. हाराच्या धंद्यात आयुष्य गेलं तरी हे मला उशिरा कळलं.

उत्तरेला पुण्याजवळ तळेगाव दाभाडे, पॉलीहाऊसमधला गुलाब. तिथं डिसेंबरच्या मध्याला झाडं वाकवतात, छाटतात, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फूल तयार होतं. १४ फेब्रुवारीला ते परदेशात पोचायचं असतं. आपण दसऱ्याकडून उलटं मोजतो, ते त्या तारखेकडून. चिक्कबळ्ळापूर, कोलारकडं रात्रीच्या गाडीनं जात असाल तर झोपू नका. शेवंतीच्या शेतात दिवे लावलेले दिसतात, ओळीनं, सगळं शेत उजळलेलं. रात्र मोठी आहे हे झाडाला कळू नये म्हणून. कळलं की ते फुलावर येतं, आणि शेतकऱ्याला फूल त्याच्या सोयीच्या वेळी पाहिजे असतं.

साताऱ्याचं कास पठारही लोक याच यादीत घालतात, पण ते शेत नाही, रानफुलं आहेत. तिथं आधी नोंदणी लागते आणि वाटेबाहेर पाय टाकायचा नाही.

स्वतः लावायचं मनात आलं तर

येतंच मनात. घराशेजारी गुंठाभर जागा असली तर झेंडूनं सुरुवात करा, बाकी कशानं नको. मोगरा दोन वर्षं वाट बघायला लावतो, गुलाब औषधाला भुकेला, अबोली मुळाच्या रोगानं बसते.

तारीख दसऱ्याकडून उलटी काढायची, आणि पंचांग बघून. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आल्यामुळं तो २० ऑक्टोबरला गेला. नुसती इंग्रजी तारीख धरून गेल्या वर्षीसारखं लावणारा अडीच आठवड्यांनी चुकतो. रोप लावल्यापासून ५० ते ६० दिवसांनी चांगला तोडा मिळतो. म्हणजे २० ऑक्टोबरच्या दसऱ्याला रोप ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास जमिनीत पाहिजे, आणि बी त्याच्या २५ दिवस आधी. बी टाकत बसण्यापेक्षा रोपवाटिकेतून ट्रेमधली रोपं घ्या, पण महिनाभर आधी सांगून ठेवा. दसऱ्याच्या हिशेबानं सगळ्यांनाच एकाच वेळी हवी असतात.

दोन सऱ्यांत ६० सेंटिमीटर, दोन रोपांत ४५. या हिशेबानं गुंठ्याला ३५० ते ३७५ रोपं बसतात. पाऊस जास्त असणाऱ्या जागी ६० बाय ६० ठेवा, वारं खेळलं पाहिजे. लावल्यावर महिन्याभरानं शेंडा खुडा. जीवावर येतं, पण खुडलं की बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात. फक्त तोडा काही दिवस पुढं जातो, म्हणून लागवड उशिरा झाली असेल तर खुडू नका. पाणी फुलांवर नको, मुळाशी द्या. तोडणीच्या आदल्या दिवशी पाणी दिलेलं असलं की फूल जास्त टिकतं. पहिल्या बहाराची फुलं झाडावर वाळू देऊ नका, घरी लागोत न लागोत, तोडत जा; बी धरायला लागलं की झाड नवीन कळ्या काढत नाही.

विकायचा विचार असेल तर आधी दुसऱ्या कुणाच्या मालाबरोबर एकदा पहाटे बाजारात जा, नुसतं उभं राहायला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी जो भाव असतो तो दुपारी नसतो, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी ढीग रस्त्याच्या कडेला टाकून लोक निघून जातात. हे एकदा बघितलेला माणूस पाच गुंठ्यांच्या वर उडी मारत नाही. गुंठाभर लावणाऱ्यानं शेजारपाजारचे, गल्लीतल्या गणपतीचे, देवळाचे हार आधीच ठरवून ठेवावेत.

फुलं घरी आणताना

झेंडू, शेवंती कोरडी आणा, हवा लागेल अशा टोपलीत किंवा सुती पिशवीत. वर पाणी मारायचं नाही. लोक हौसेनं शिंपडतात आणि घरी येईपर्यंत आतल्या पाकळ्या काळ्या. मोगऱ्याच्या कळ्या ओल्या पंच्यात, वर केळीचं पान. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलं की त्या बसमध्येच उमलतात. गजरा घरी करणार असाल तर केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळलेली साल, आदल्या रात्री भिजत घाला, सुती दोऱ्यापेक्षा ते कळीला कमी कापतं. जरबेऱ्याच्या मानेखाली आधार पाहिजे, म्हणून दहाची जुडी कागदात उभी गुंडाळून घ्या आणि आडवी ठेवू नका.

निशिगंधाची छडी आणलीत तर दोन दिवसांआड देठ बोटभर कापा, पाणी बदला, खालची वाळलेली फुलं काढत जा. वरच्या कळ्या आठवडाभर एक एक उमलत राहतात. दुहेरी पाकळीच्या छडीच्या टोकाच्या चार-पाच कळ्या मात्र उमलतच नाहीत, तशाच पिवळ्या पडतात. जातीचाच गुण आहे तो, त्यावरून मळेवाल्याला फोन करू नका.